पिशवी राखणाऱ्या मॅडम

ऑपरेशन सुरू करण्याआधी नफीसा मॅडम भिंत थोपटायच्या. हात धुवायच्या आधी, अर्थात. एकदा हात धुतले की भिंतच काय, स्वतःच्या नाकालाही त्यांनी हात लावला नसता. भिंतीपलीकडे त्यांच्या भावाचं गादी-रजईचं दुकान होतं आणि तिथं कापूस पिंजायचं यंत्र दिवसभर घरघरत असे. थाप पडली की यंत्र बंद व्हायचं. मग मी पेशंटच्या पाठीत भुलीची सुई द्यायचो. ऑपरेशन संपलं की पुन्हा थाप, आणि यंत्र पुन्हा सुरू. अकोल्याच्या जुन्या बाजारातल्या त्या गल्लीला यंत्राच्या आवाजावरून आतली बातमी कळायची. यंत्र फार वेळ गप्प राहिलं तर समोरचा चहावालासुद्धा काळजीत पडायचा.

मी भूल देणारा डॉक्टर. आमच्या धंद्यात स्वतःचं दुकान नसतं. नळ्या आणि औषधं बॅगेत भरून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरायचं. पेशंटला सर्जनचं नाव जन्मभर आठवतं. आमचं नाव कुणी विचारतही नाही, आणि ते बरंच आहे. पण आमच्या जागेचा एक फायदा आहे. सर्जन पडद्यापलीकडे, पोटाशी असतो. आम्ही उशाशी. कमरेखालून बधिर केलेली बाई जागी असते, घाबरलेली असते, आणि नवऱ्याला किंवा आईला जे सांगितलं नाही ते उशाशी उभ्या असलेल्या परक्या माणसाला सांगून टाकते. मॅडमविषयी मला जे ठाऊक आहे त्यातलं बरंचसं असं उशाशी ऐकलेलं आहे.

मॅडम अंगानं किरकोळ होत्या, आवाजानं मात्र मुळीच नाही. पिंजाऱ्याच्या घरातली मुलगी. वडील पिंजण खांद्यावर टाकून गावोगाव फिरलेले; मुलगी शिकून डॉक्टर झाली तरी रजईला टाके घालायला बसायची, आणि नीट बसायची. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची माझी छाती झाली नाही. घरात उर्दूच्या वळणाची हिंदी, पेशंटशी ठेठ वऱ्हाडी, आणि माझ्यावर चिडल्या की इंग्रजी, अशी त्यांची वाटणी होती. मी वयानं लहान असूनही मला अहो-जाहो करायच्या, पण त्या ‘अहो’त मान फारसा नसायचा. “वानखडे, तुमी पेशंटले झोपवाले आले का सोता झोपाले?” हे मी इतक्या वेळा ऐकलंय की अजूनही कुणी जोरात ‘वानखडे’ म्हटलं तर माझे डोळे आपोआप उघडतात.

स्त्रीरोगाचे डॉक्टर आलेल्या बाईला पहिल्यांदा पाळी, बाळंतपणं, वय असलं काहीतरी विचारतात. मॅडम विचारायच्या, “घरी पाणी कोण भरते?” बाई गोंधळून जायची. मी दवाखान्यात आले की नळयोजनेच्या हपिसात, असा भाव तोंडावर. पण उत्तर मिळाल्याशिवाय मॅडम पुढं सरकायच्या नाहीत. विहीर किती लांब, पाण्याचा गुंड डोक्यावर की कमरेवर, बाळंतपणानंतर पहिलं पाणी कधी भरलं. या उत्तरांमध्ये निम्मं निदान असतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

दुसरी गोष्ट त्यांच्या दारातल्या स्टुलाची. खेड्यातून आलेली बाई खुर्चीवर बसून कंबर दुखते, थकवा येतो, पांढरं जाते, एवढंच सांगते. मॅडम लिहून घ्यायच्या, गोळ्या द्यायच्या. बाई उठायची, पदर सावरायची, दारापर्यंत जायची आणि उंबऱ्याशी थांबून, पाठमोरीच, म्हणायची, “आन मॅडम… एक सांगाचं होतं.” खरा आजार तिथं सांगितला जायचा. ते ध्यानात आल्यावर मॅडमनी दाराच्या आतल्या अंगाला एक स्टूल आणून ठेवलं. बाई उठली की त्याही उठायच्या, तिच्याबरोबर दारापर्यंत चालत जायच्या आणि स्टुलावर बसून वाट बघायच्या. मी एकदा म्हटलं, “मग पहिल्यापासून तिथंच का बसत नाही?” माझ्याकडे त्यांनी अशी नजर टाकली की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

त्या स्टुलाशी जे सांगितलं जायचं ते बहुतेक वेळा एकच असायचं. गर्भपिशवी खाली सरकायची आणि अंगाबाहेर यायला लागायची. आमच्याकडे बायका ‘आंग निघते’ म्हणतात, तेही दबक्या आवाजात. पूर्वी हे म्हाताऱ्या बायकांचं दुखणं समजलं जायचं. मग वऱ्हाडाला ती वाईट वर्षं आली. वर्तमानपत्रं रोज त्याच बातमीनं भरलेली. मलाही मोठ्या दवाखान्यातून बोलावणी यायची ती फवारणीचं औषध प्यालेल्या शेतकऱ्याच्या घशात नळी घालण्यासाठी. त्या माणसांची मोजदाद झाली आणि व्हायलाच हवी होती. पण मजूर लावणं परवडेना तेव्हा मजुराचं काम घरातल्या बाईच्या अंगावर आलं. निंदण तिनं केलं, वेचलेल्या कापसाची गाठोडी तिनं उचलली, आटलेल्या विहिरीमुळे लांबून पाणी तिनं आणलं. तिची बातमी झाली नाही. मॅडमच्या दारात मात्र विशी-बाविशीतल्या पोरी यायला लागल्या.

सीमा त्यातलीच एक. मूर्तिजापूरच्या बाजूला सासर, रिद्धपूरजवळच्या खेड्यात माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं, दोन दिवस कळा देऊन. बाळ आठवडाभर जगलं. आता बाळंतीण म्हणजे सव्वा महिना खाटेवर, शेक, तेल, पोट बांधणं. हे सगळं आमच्याकडे मायेनं करतात. पण बाळ मांडीवर असलं तर. बाळच राहिलं नाही, तर बाळंतपण कशाचं? कुणाच्या मनात वाईट नव्हतं, रीतच तशी पडलेली. सासरी सासरा, दीर आणि नवरा. भाकरी थापायला बाईमाणूस नाही. आईनं तिला दूध आटलं न आटलं तोच परत धाडलं. ती गेली ती दुसऱ्या दिवसापासून पाण्याला आणि चौथ्या दिवसापासून वावरात.

मॅडमकडे आली तेव्हा ती बाविशीची असेल. दुसऱ्या एका डॉक्टरनं पिशवी काढायचं ठरवून दिलं होतं, तारीखसुद्धा. नवरा गजानन तोच कागद घेऊन आला होता, कारण त्याला कुणीतरी सांगितलं होतं की नफीसाबाई तेच काम कमी पैशात करते. मॅडमनी कागद वाचला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “या पोरीले लेकरू पाह्यजे का नाई?”

गजानन खाली मान घालून उभा. सीमा मात्र बोलली. “पाह्यजे मॅडम. मले पाह्यजे.”

आधी मॅडमनी रिंग बसवून पाहिली. पिशवीला खालून आधार देणारी रबराची कडी असते. लेकरं होऊन जाईपर्यंत अशा मुलींना शक्यतो त्यावरच थांबवायचं, असं त्यांचं मत होतं. पण कडी राहायला बाईनं थोडं तरी टेकायला हवं. कापसाची वेचणी सुरू होती. सीमाची कडी वावरात निसटली, पुन्हा बसवली, पुन्हा निसटली. तिसऱ्या वेळी गजानन बाहेर नर्सला म्हणाला, “सीजन हाय बाई, घरी बसून कसं जमन? कापूस वेचनं म्हंजे का दगड फोडनं हाय?”

हे आत ऐकू गेलं. मॅडम बाहेर आल्या. भावाच्या दुकानातून कापूस मागवला आणि एका जुन्या लुगड्याची ओटी करून, वेचणाऱ्या बायका बांधतात तशी, गजाननच्या कमरेला स्वतःच्या हातानं बांधली. त्यात कापूस ठासून भरला. दवात भिजलेला कापूस जड होतो म्हणून वरून एक तांब्या पाणी ओतलं. म्हणाल्या, “आता वाका. जमिनीवरून कायतरी वेचत जा, न् वेचत वेचत चाला. बसाचं नाई.” ओपीडी संपेपर्यंत तो गृहस्थ व्हरांड्यातले कागदाचे कपटे वेचत फिरला. बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. दुपारी त्यानं ओटी सोडली, पाठीला हात लावून उभा राहिला आणि म्हणाला, “करा मॅडम. तुमाले जे वाटते ते करा.” माणूस वाईट नव्हताच. त्याला ते वजन कधी बांधलंच गेलं नव्हतं.

ऑपरेशन ठरलं. पिशवी न काढता, तिच्या मानेला एक पांढरी विणलेली पट्टी लावून ती मागं कंबरेच्या हाडाशी घट्ट अडकवायची, म्हणजे पिशवी वर राहते आणि पुढं लेकरूही होऊ शकतं. पद्धत नवी नव्हती, आपल्याकडच्याच जुन्या सर्जननी वापरलेली होती. पण वेळखाऊ आणि जिकिरीची. मी विचारलं, “मॅडम, बाकीचे सरळ काढून का टाकतात?”

“काढली का तक्रार संपते. राखली न् उद्या परत बाहेर आली, तर बाई डाक्टरच्या नावानं बोंबलते. नाव कोनाले नको असते?”

“आणि तुम्हाला?”

“मलेबी पाह्यजे. म्हनून तर भेव वाटते.” मग नेहमीसारखं उडवून न लावता त्या म्हणाल्या, “दिवस राहिल्यावर हे टाके किती धरतात, कळा आल्या तर काय होते, हे खात्रीनं सांगनारा मले अजून भेटला नाई, वानखडे. पुस्तकात बी थोडंच हाय. म्हनून मी तिले सांगितलं, लेकरू झालं तर सिझरनंच, न् कळा सुरू व्हायच्या आधी.”

त्या दिवशी भिंतीवर थाप पडली, यंत्र थांबलं. सीमा टेबलावर, मी उशाशी. अर्ध्या तासानं ती हळूच म्हणाली, “डाक्टर, पाहा बरं, पिशवी काढून तर नाई राहिल्या?” मी पडद्यावरून मान वर करून विचारलं. पलीकडून आवाज आला, “तिले सांगा, काढाची असती तर आतापरेंत माहा चहा झाला असता.” सीमा हसली. मग तिनं मला दुसरी गोष्ट सांगितली. माहेरी तिनं अपेंडिक्सचं ऑपरेशन म्हणून कळवलं होतं. धाकट्या बहिणीचं लग्न जमायचं होतं. मोठीचं आंग निघालं हे कळलं तर पाहुणे म्हणणार, या घरच्या पोरींच्या अंगातच खोट आहे. “माह्या मायले तर अजिबात नाई सांगाचं,” ती म्हणाली. “थे सोताले खाऊन घेईन.”

पुढचं वर्ष-दीड वर्ष ठीक गेलं. गजानन सायकलला कॅन लटकवून पाणी आणायला लागला. गावातली पोरं त्याला काय काय म्हणत ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण तो आणत राहिला. मॅडमनी थांबायला सांगितलं होतं तेवढं ती दोघं थांबली आणि मग सीमाला दिवस गेले. महिन्याच्या महिन्याला ती यायची. मॅडमचं तपासून झालं की “हाय जाग्यावर” एवढंच म्हणायच्या, आणि तेवढ्यानं सीमा घरी जाईपर्यंत खुश असायची.

सातव्या महिन्यानंतर मात्र ती आलीच नाही. आठवडाभर वाट पाहून मॅडमनी फोन करवला, तर दुसऱ्या दिवशी गजानन एकटाच आला आणि टोपी हातात चुरगाळत उभा राहिला.

“मॅडम, तिची माय घेऊन गेली तिले. बाळंतपन माहेरीच करीन म्हन्ते. पयलं लेकरू गेलं तं हेच पयलं समजा म्हन्ते.”

“न् तुमी धाडली?”

“कसं आडवू? अपेंडिस सांगितलं ना आमी. आता शिजर काहून पाह्यजे, हे कोन्या तोंडानं सांगू? तिची माय म्हन्ते, माह्ये सारे बाळंतपनं घरी झाले, शिजर पैशासाठी करतात.”

मॅडम खुर्चीत मागं टेकल्या. मला वाटलं, आता इंग्रजी सुरू होणार. पण त्या गप्प होत्या, आणि त्या गप्प बसल्यावर काय करावं याचा अनुभव आमच्यापैकी कुणालाच नव्हता. गजानन गेल्यावर मी म्हटलं, “फोन करून तिच्या आईला सांगून टाका. जिवाचा प्रश्न आहे.”

“तिचं गुपित तिचं हाय. मी कशी फोडू? तिनं मले मायपासून लपवाले सांगितलं, न् मी मायलेच सांगू?” मग थोड्या वेळानं, “तुमच्या घरचे रिद्धपूरले जातात ना दर्शनाले?”

आमचं घर महानुभावी. आई वर्षातून एकदा तरी रिद्धपूरला जायचीच. त्या रविवारी मीच गाडी काढली. आई पुढं, मॅडम मागं, मांडीवर संत्र्यांची पिशवी. मोर्शीच्या बाजूला, जिथं बांधाबांधावर संत्र्याच्या बागा आहेत, तिथं अकोल्याहून संत्री घेऊन चाललेली ही एकच बाई असेल. मी हसलो तर म्हणाल्या, “मोकळ्या हातानं कोनाच्या माहेरी जाचं का?” आईला मठात सोडलं आणि आम्ही दोघं सीमाच्या माहेरी गेलो. दर्शनाला आलो होतो, पोर इथं आहे असं कळलं, म्हणून डोकावलो, असं सांगायचं ठरलेलं.

सीमा खाटेवर होती, पायांना सूज. आम्हाला बघून तिचं तोंड उतरलं, आणि डोळ्यांनीच ती मॅडमना विनवायला लागली. तिची आई शांताबाई संत्र्यांची पिशवी बघून म्हणाली, “काय वो डाक्टरीनबाई, आमच्याच बागेतली विकत घेऊन आमालेच आनली काय?” चहा झाला. मॅडमनी एकदाही सिझरचं नाव काढलं नाही. शांताबाईच आपणहून बोलत होती. मागच्या खेपेला पोरीला लवकर धाडली, ते मनाला लागून राहिलं होतं. “आता सव्वा महिना खाटेखाली पाय ठेवू देनार नाई मी. मागच्या बारीले चुकली मी. लेकरू नाई म्हनून बाळंतीन का बाळंतीन नसते?” हे ऐकताना मला पहिल्यांदा कळलं की ज्या हट्टानं पोरीचं नुकसान होणार होतं तो हट्ट पश्चात्तापातून आलेला होता. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मॅडम मात्र तिचं बोलणं ऐकण्यापेक्षा तिच्याकडे बघत होत्या. शांताबाई सारखी उभी होती. बसा म्हटलं तर ओट्याच्या कडेला, एका मांडीवर भार देऊन टेकायची आणि लगेच उठायची. चालताना पाय थोडे फाकलेले. मला त्यात काही दिसलं नाही. खेड्यातल्या बायका अशाच उभ्या-उभ्या असतात. मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, “बाई, मले जरा मांगं न्हानीत घेऊन चाला.” दोघी घरामागं गेल्या.

बराच वेळ झाला. सीमा मला पुन्हा पुन्हा विचारत होती, “डाक्टर, थे सांगून तर नाई देनार ना?” मी नाही म्हणत होतो आणि मला खात्री नव्हती. शेवटी दोघी परत आल्या. शांताबाईचे डोळे लाल होते. तिनं पोरीच्या उशाशी बसायचा प्रयत्न केला, बसता येईना म्हणून उभ्यानंच तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मॅडमना म्हणाली, “घेऊन जा तिले. जसं कराचं तसं करा.”

परतीच्या वाटेवर, आईला गाडीत घेण्याआधी, मॅडमनी मला सांगितलं. न्हाणीत त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला होता, तोही शांताबाईबद्दल: “किती वर्स झाले?” शांताबाई आधी म्हणाली कशाचे, आणि मग भिंतीला टेकून रडायलाच लागली. सीमाच्या जन्मापासून तिचं आंग बाहेर येत होतं. चिंधीचा बोळा लावून तिनं निंदण केलं, कापूस वेचला, पुढच्या लेकरांना जन्म दिला. नवऱ्याला कळलं होतं, पण कधी बोलणं नाही. मग डोळे पुसून तिनंच विचारलं, “माह्या सीमाचं बी तेच हाय ना?” तेल लावताना तिनं पोटावरचा टाका पाहिला होता. अपेंडिक्सचा टाका कुठं असतो हे तिला शेजारणीच्या पोटावरून ठाऊक होतं. पण पोर सांगत नाही, तर तिला शरम वाटत असेल, म्हणून हीही गप्प राहिली.

“तुम्ही काय सांगितलंत मग?”

“मी काईच बोलली नाई. तिनंच वळखलं.” आणि मग खिडकीतून बाहेर बघत मॅडम म्हणाल्या, “एका खाटेवर दोघी माय-लेकी. हे तिच्यापासून लपवून राहिली, थे हिच्यापासून. न् दुखनं एकच, वानखडे.” त्यांचा आवाज फुटला. मी गाडी बाजूला घेतली आणि उगाच टायर बघायला उतरलो.

माहेरची रीत मात्र मोडली नाही. मॅडमनी माहेरच अकोल्याला आणवलं. दवाखान्याच्या मागच्या खोलीत शांताबाईची चूल मांडली गेली, मेथीचे लाडू तिथं वळले गेले, आणि धाकटीच्या होणाऱ्या सोयरिकीसाठी गावाला कळवण्यात आलं की बाळ आडवं आहे, म्हणून सिझर करावं लागतंय. खोटं बोलण्याचा मॅडमना मनस्वी राग; पण हे खोटं त्यांनी स्वतः सुचवलं आणि वर म्हणाल्या, “गावापुरतंच आडवं हाय.”

ठरल्या दिवशी भिंतीवर थाप पडली. सीमा टेबलावर. माझा हात धरून होती, इतका घट्ट की मला तिच्या नाडीचं यंत्र बघायचीही गरज नव्हती. बाळ बाहेर आलं, रडलं. नर्सनं ते सीमाच्या तोंडाजवळ आणलं. मुलगी होती. आमच्या धंद्यात या क्षणाला बाई काय विचारते ते ठरलेलं आहे, आणि नर्स ते उत्तर ओठावर घेऊनच उभी होती. सीमानं बाळाकडे डोळे भरून पाहिलं, पण विचारलं ते पडद्यापलीकडे.

“मॅडम, पट्टी हाय ना जाग्यावर?”

मी मान उंचावून पाहिलं. मॅडमनी पिशवी शिवून झाल्यावर ती अलगद उचलून मागं पाहिलं होतं आणि आता नुसत्या बघत उभ्या होत्या. मास्कच्या वर डोळे तेवढे दिसत होते. मॅडमच्या डोळ्यांत पाणी मी रस्त्यावर पाहिलं नव्हतं, कारण मी टायर बघत होतो; ते आता पाहिलं. “हाय,” त्या म्हणाल्या. “जशी लावली होती तशी हाय.” त्या दिवशी दुकानातलं यंत्र उशिरा सुरू झालं, कारण भिंत थोपटायची मॅडम विसरल्या होत्या. शेवटी चहावालाच विचारायला आला.

शांताबाईचं ऑपरेशन पुढच्या हिवाळ्यात झालं. तिची पिशवी मॅडमनी काढली. मी डोळे मोठे केले तर म्हणाल्या, “राखाची जिद्द लेकरांसाठी असते. या बाईनं थे ओझं वाह्यलं तेवढं पुरं.” बाई नंतर डबा घेऊन भेटायला यायची आणि खुर्चीवर नीट बसायची. बसता येतं, हे दाखवण्यासाठी जरा जास्तच वेळ बसायची.

त्यानंतर काही वर्षांनी मॅडमना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, तोंड थोडं वाकडं झालं, बोलणं अडखळत यायचं. दवाखाना बंद झाला. पेशंट इकडेतिकडे वाटले गेले, पण सगळे नाही. मी एका दुपारी त्यांना भेटायला गेलो तर खोली नातेवाइकांनी भरलेली होती. भाऊ, भावजय, लांबून आलेल्या मावश्या. पलंगाच्या पायथ्याशी सीमा उभी होती. एकटीच बसनं आली होती. गेली दोन वर्षं तिनं कुणाला तपासू दिलं नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरकडे जायला ती तयार नव्हती. मुलगी शाळेत जाते, पाणी अजून गजाननच आणतो, माय बरी आहे, असं ती सांगत होती. मॅडम ऐकत होत्या, पण त्यांना जे हवं होतं ते अजून सांगितलं गेलं नव्हतं, हे मला दिसत होतं. खोलीत इतकी माणसं असताना ते विचारता येत नव्हतं, आणि तपासायला हात उरला नव्हता.

मॅडमनी डावा हात किंचित वर केला. “खोक,” त्या म्हणाल्या.

आंग बाहेर येतं का हे बघताना डॉक्टर पेशंटला उभं करून खोकायला लावतात. जोर पडला की खरं ते कळतं. हे त्या खोलीत आम्हा तिघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. सीमा एक क्षण थांबली. मग तिनं पाय थोडे फाकवले, पदर तोंडाशी धरला आणि खोकली.

“जोरात.”

ती जोरात खोकली. मावश्या वळून बघायला लागल्या. “आनखी,” मॅडम म्हणाल्या, आणि सीमा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकत राहिली. मग थांबली, सरळ उभी राहिली. मॅडमनी भुवया उचलल्या. सीमानं मॅडमच्या डोळ्यांत बघत हळूच नकारार्थी मान हलवली. काही आलं नव्हतं.

तेवढ्यात भावजय पाण्याचा ग्लास घेऊन धावत आली. “या अल्ला, कितनी खाँसी है बच्ची को! दवा नहीं ली क्या?” सीमानं ग्लास घेतला आणि मुकाट्यानं सगळं पाणी पिऊन टाकलं. मॅडमच्या तोंडाची एकच बाजू तेव्हा हसू शकायची. ती हसली, आणि भावजय रागावेपर्यंत हसत राहिली.